परीक्षकाचीही परीक्षा : कामकरी कुत्र्यांच्या स्पर्धांतील गुणदान

विद्यार्थी म्हणून आपले निम्मे आयुष्य परीक्षा देण्यात जाते. पेपर कसा निघाला, केंद्र कोठे आले, निकाल केव्हा लागणार, याची चर्चा आपण वसतिगृहात तासन् तास करतो. परंतु उत्तरपत्रिका तपासणारा माणूस मुळात घडतो कसा, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांच्या मनात येत असेल. तृतीय वर्षाच्या मानसशास्त्राच्या वर्गात ‘मूल्यमापनातील दोष’ हे प्रकरण शिकताना माझ्या मनात तो आला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी एक आडवाटेचा विषय निवडला. तो म्हणजे काम करणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धा आणि त्या स्पर्धांचे परीक्षक.

‘कुत्र्यांच्या परीक्षा’ हे शब्द ऐकून वाचकांना कदाचित हसू येईल. मलाही विषय सांगताच वर्गात हशा ऐकावा लागला. पण या स्पर्धांची नियमावली वाचत गेलो आणि स्पर्धांच्या चित्रफिती कागदपेन्सिल घेऊन पाहत गेलो, तसतसे माझे मत पक्के होत गेले. माणसाने दुसऱ्याला गुण कसे द्यावेत, याचा इतका बारकाईने केलेला विचार अन्यत्र क्वचितच आढळेल. येथे परीक्षार्थी मुका असतो. त्याला फेरतपासणीचा अर्ज करता येत नाही, ‘सर, माझे हे उत्तर बरोबर होते’ असे म्हणता येत नाही. म्हणून परीक्षकाची जबाबदारी दुप्पट होते. प्रस्तुत लेखात या परीक्षेचे स्वरूप, परीक्षक होण्याची वाट आणि त्यातून आपण घ्यावयाचा बोध, यांचा थोडक्यात विचार केला आहे.

पूर्वपीठिका

या विषयाचा उगम जर्मनीत आहे. माक्स फॉन श्टेफानिट्झ हा घोडदळातील अधिकारी. मेंढपाळांच्या कुत्र्यांचे त्याला विलक्षण आकर्षण होते. इ.स. १८९९ मध्ये त्याने होरांड नावाचा एक कुत्रा विकत घेतला आणि त्याच वर्षी जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्र्यांसाठी एक संस्था स्थापन केली. होरांड हा त्या जातीच्या वंशावळीतील पहिला नोंदलेला कुत्रा होय. आपल्याकडे ज्याला आपण ‘अल्सेशियन’ म्हणतो तोच हा कुत्रा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना ‘जर्मन’ हा शब्द नकोसा झाला, म्हणून त्यांनी हे दुसरे नाव रूढ केले आणि इंग्रजांबरोबर ते आपल्याकडे आले. ब्रिटनच्या केनेल क्लबने मूळ नावाला पुन्हा परवानगी दिली ती १९७७ मध्ये. आपल्या बोलण्यात मात्र अल्सेशियनच राहिला.

श्टेफानिट्झचे म्हणणे सोपे होते. कुत्रा दिसायला देखणा असून भागत नाही, तो कामाचा हवा. परंतु यंत्रयुग आले, कुरणे कमी झाली, मेंढ्या राखण्याचे काम आटत चालले. मग कामाचा कुत्रा कोणता आणि नुसता शोभेचा कोणता, हे ठरवायचे कसे? त्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी एक परीक्षा तयार झाली. तिचे नाव ‘शुट्झहुंड’, म्हणजे संरक्षण करणारा कुत्रा. कुत्र्याचे नाक, त्याची आज्ञाधारकता आणि त्याचे धैर्य, या तिन्हींची एकत्र पारख करणारी ही परीक्षा हळूहळू खेळ म्हणूनही लोकप्रिय झाली व अनेक देशांत पसरली. १९११ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या नियमांखाली तिला आंतरराष्ट्रीय रूप मिळाले. २०१९ पासून तिचे अधिकृत नाव ‘आयजीपी’ असे आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही परीक्षा केवळ करंडक मिळवण्यासाठी निघालेली नाही. पिल्ले कोणत्या कुत्र्यांपासून घ्यावीत, हे ठरवण्यासाठी ती निघाली. जर्मनीतील मूळ संस्थेत प्रजननासाठी कामाच्या परीक्षेची अट आहे. म्हणजे परीक्षकाने लिहिलेला आकडा त्या दिवसापुरता राहत नाही, तो पुढच्या पिढ्यांच्या रक्तात उतरतो. भित्र्या किंवा बेभान कुत्र्याला आज भिडेपोटी पास केले, तर त्याची किंमत पुढे कोणाच्या तरी घरातील लहान मूल मोजण्याची शक्यता असते. या स्पर्धांतील गुणदानाला एवढे गांभीर्य का, याचे उत्तर यात आहे.

परीक्षेचे स्वरूप

परीक्षेचे तीन भाग असतात आणि प्रत्येकाला १०० गुण असतात. पहिला भाग माग काढण्याचा. एक माणूस शेतातून किंवा कुरणातून ठरावीक पावले चालत जातो, वाटेत काही लहान वस्तू टाकतो आणि निघून जातो. काही वेळाने कुत्र्याने केवळ वासावर तो माग शेवटपर्यंत काढायचा आणि वस्तू सापडताच दाखवायच्या. पहिल्या पातळीवर माग सुमारे ३०० पावलांचा व २० मिनिटे जुना असतो आणि तो कुत्र्याच्या हस्तकानेच घातलेला असतो. हस्तक म्हणजे कुत्र्याला चालवणारा माणूस, हा शब्द आपल्या पोलीस श्वानपथकांत रूढच आहे. तिसऱ्या पातळीवर माग परक्या माणसाचा, सुमारे ६०० पावलांचा, चार वळणांचा आणि तासभर जुना असतो. हस्तक १० मीटर लांबीच्या दोरीच्या टोकाला, कुत्र्याच्या मागून चालतो.

दुसरा भाग आज्ञापालनाचा. पट्ट्याशिवाय हस्तकाच्या डाव्या बाजूने चालणे, माणसांच्या घोळक्यातून जाणे, चालता चालता आज्ञा होताच बसणे किंवा पडून राहणे, लाकडी डंबेल उचलून आणणे, अडथळ्यावरून उडी मारणे, सांगितलेल्या दिशेने सरळ धावत जाणे, असे त्याचे स्वरूप. मध्येच बंदुकीचे बारही काढले जातात. आवाजाने घाबरून पळणारा कुत्रा बाद होतो.

तिसरा भाग संरक्षणाचा, आणि प्रेक्षकांची गर्दी होते ती यालाच. मैदानावर आडोसे उभे केलेले असतात. त्यांपैकी एकामागे ‘साहाय्यक’ लपलेला असतो. त्याच्या हातावर जाड संरक्षक बाही असते. कुत्र्याने त्याला शोधून काढायचे, आणि तो स्थिर उभा असेल तर न चावता नुसते भुंकून रोखून धरायचे. तो पळाला वा अंगावर आला, तरच बाही पकडायची, आणि हस्तकाची आज्ञा होताच सोडायची. पहिली आज्ञा आणि त्यानंतरच्या दोन जादा आज्ञा होऊनही कुत्रा सोडत नसेल, तर तो बाद. पुष्कळांना वाटते की ही चावण्याची परीक्षा आहे. वस्तुतः ती आवरण्याची परीक्षा आहे.

प्रत्येक भागात किमान ७० गुण मिळाले तरच कुत्रा उत्तीर्ण. ७० ते ७९ समाधानकारक, ८० ते ८९ चांगला, ९० ते ९५ फार चांगला आणि ९६ पासून पुढे उत्कृष्ट, अशा श्रेणी आहेत. पहिल्या पातळीला बसण्यापूर्वी कुत्र्याला वागणुकीची एक प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. शिवाय त्याचा स्वभाव परीक्षक मोकळ्या वातावरणात तपासतो, आणि दिवसभर, मैदानाबाहेरसुद्धा, त्याचे वागणे परीक्षकाच्या नजरेखाली असते.

परीक्षक होण्याची वाट

निरनिराळ्या देशांतील संस्थांच्या अटी एकसारख्या नाहीत. पण वाट साधारण एकाच दिशेची आहे, आणि ती फार लांबची आहे.

पहिली पायरी अशी की, परीक्षक होऊ इच्छिणाऱ्याने स्वतः कुत्रा तयार केलेला असला पाहिजे. तोही विकत घेतलेला तयार कुत्रा नव्हे, तर आपल्या हाताने वाढवून, शिकवून, वरच्या पातळीपर्यंत परीक्षेत उभा केलेला. ज्याने पहाटे दवात भिजून माग घातले नाहीत, वाऱ्याने वास उडून कुत्रा वळणावर गोंधळतो तेव्हा दोरीच्या टोकाशी उभे राहताना छातीत काय होते ते ज्याने अनुभवले नाही, त्याच्या गुणांवर हस्तकांचा विश्वास बसत नाही. केवळ नियमावली तोंडपाठ असून चालत नाही.

दुसरी पायरी क्लबात काम करण्याची. इतरांचे कुत्रे शिकवणे, परीक्षेच्या दिवशी व्यवस्था पाहणे, कागदपत्रे सांभाळणे, ही कामे वर्षानुवर्षे केल्यावर संस्थेकडून त्याच्या नावाची शिफारस होते. येथे कुत्र्याच्या ज्ञानाइतकीच माणसाच्या स्वभावाचीही पारख होते.

तिसरी पायरी उमेदवारीची, आणि माझ्या मते हाच या सर्व पद्धतीचा कणा आहे. आपल्याकडे सुताराच्या किंवा सोनाराच्या हाताखाली उमेदवारी करतात, तशीच ही. उमेदवार अनुभवी परीक्षकाबरोबर मैदानावर जातो, तोच कुत्रा, तेच काम पाहतो, आणि आपले गुण स्वतंत्रपणे लिहितो. नुसते गुण नव्हे, प्रत्येक गुण का कापला याचे कारणही लिहितो. मग दोघांचे कागद शेजारी ठेवले जातात. एकाच नव्हे तर निरनिराळ्या परीक्षकांच्या हाताखाली अशी उमेदवारी केल्यावर लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष मैदानावरची परीक्षा होते. त्यात उत्तीर्ण झालेल्यास परीक्षकाचा परवाना मिळतो. परवाना मिळाल्यावरही शिक्षण संपत नाही. परीक्षकांच्या बैठका आणि शिबिरे होत राहतात. नियम बदलले की सर्वांचा डोळा पुन्हा एका मापावर आणावा लागतो.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला या दोन कागदांचे विशेष महत्त्व वाटते. एकाच कामाला दोन जाणकारांनी स्वतंत्रपणे जवळपास सारखे गुण दिले, तर ते माप विश्वसनीय, असे आपण पुस्तकात शिकतो. मैदानावरच्या या मंडळींनी तेच तत्त्व व्यवहारात आणले आहे.

डोळ्याचे शिक्षण

परीक्षकाने पाहायचे काय, हा पुढचा प्रश्न. नवख्याचा डोळा नेहमी ठळक गोष्टीवर जातो. कुत्रा झेपावला, बाही पकडली, टाळ्या पडल्या. तयार परीक्षकाचा डोळा मात्र त्या आधीच्या आणि नंतरच्या क्षणावर असतो. भुंकताना कुत्रा साहाय्यकाकडे आत्मविश्वासाने पाहत होता, की मागे सरकत होता? पकड पूर्ण जबड्याची व शांत होती, की काठाकाठाने चावे बदलत होती? आज्ञेनंतर त्याने लगेच सोडले, की एक झटका देऊन सोडले? फरक क्षणाचा असतो, पण कुत्र्याचे मन त्या क्षणातच दिसते.

आज्ञापालनात आणखी एक मौज आहे. तेथे कुत्र्याइतकेच हस्तकाकडे पाहावे लागते. या संदर्भात आमच्या पाठ्यपुस्तकातील ‘चतुर हान्स’ या घोड्याची गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो, अशी ख्याती होती. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की घोड्याला गणित येत नव्हते. उत्तराचा आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची सूक्ष्म हालचाल होई, आणि ती पाहून घोडा थांबे. विचारणाऱ्यास स्वतःला याचा पत्ताही नसे. कुत्रे तर माणसाच्या देहबोलीचे घोड्याहून मोठे जाणकार. हस्तकाचा खांदा किंचित झुकला, पाऊल अडखळले, मान वळली, तर कुत्रा शब्दावर बसला की खुणेवर, असा प्रश्न उभा राहतो. नियमानुसार अशी छुपी मदत हा दोष असून तिचे गुण कापले जातात. परीक्षकाला एका डोळ्याने कुत्रा आणि दुसऱ्या डोळ्याने माणूस पाहावा लागतो म्हणा ना!

मागाच्या भागात याच्या उलट असते. तेथे सारे काही संथ असते. परीक्षक मागून चालतो आणि पाहतो की कुत्र्याचे नाक जमिनीशी आहे की हवेत, वळणावर तो स्वतः विचार करून वळला की दोरीच्या ओढीने. वारा, जमीन, पीक, दव, उन्हाचा ताप, या साऱ्यांचा हिशेब मनात ठेवावा लागतो. तिसऱ्या पातळीवर १०० पैकी २१ गुण तीन वस्तूंना असतात आणि उरलेले ७९ माग काढण्याच्या कामाला. म्हणजे वस्तू सापडल्या की झाले, असे नाही. उत्तर बरोबर आले तरी रीत पाहिली जाते, गणिताच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात तसे.

साहाय्यकावरही परीक्षकाची नजर असावी लागते. एका कुत्र्याला त्याने जोराने रेटले आणि दुसऱ्याला हलकेच, तर दोघांची प्रश्नपत्रिका एकच राहिली नाही, असा त्याचा अर्थ होतो.

गुणांचे गणित आणि मनाचे खेळ

एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये एक दोष दाखवून दिला. लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य यांबद्दल वेगवेगळे गुण देत. पण ते सगळे गुण एकमेकांशी संशय यावा इतके जुळत. एका बाबतीत माणूस आवडला की सगळ्याच बाबतींत तो चांगला दिसू लागतो. माणसाभोवतीचे हे तेजोवलय परीक्षकाला आंधळे करते. आपल्या वर्गातही पहिल्या बाकावरच्या, सुवाच्य अक्षराच्या मुलाला हे वलय लाभते आणि मागच्या बाकावरच्याला त्याची झळ लागते, हे मी वेगळे सांगावयास नको.

कुत्र्यांच्या मैदानावर याला उत्तर म्हणून काही साधे उपाय योजले आहेत. एकूण कुत्रा कसा वाटला असा प्रश्न आरंभी येतच नाही. प्रत्येक कसरतीला आधी श्रेणी ठरवायची आणि त्या श्रेणीच्या हद्दीतच गुण द्यायचे. १० गुणांची कसरत ‘चांगली’ ठरली, तर ८ किंवा साडेआठ, त्याच्या वर नाही आणि खालीही नाही. अर्धे गुण देण्यास मुभा आहे. पण भागाची बेरीज पूर्ण आकड्यात यावी लागते. ती अर्ध्यावर अडकली तर वर न्यायची की खाली, हे त्या भागातील कामाचा एकूण ठसा पाहून ठरते. ‘एकूण ठसा’ नावाच्या त्या निसरड्या गोष्टीला नियमाने पूर्ण हाकलून दिलेले नाही. तिला अर्ध्या गुणाएवढी जागा मोजून दिली आहे. मला हा शहाणपणा फार आवडला. माणसाचा कल नाहीसा करता येत नाही, पण त्याला कुंपण घालता येते.

दोन कुत्र्यांची एकूण बेरीज सारखी आली, तर ज्याला संरक्षणाच्या भागात जास्त गुण तो पुढे, तेथेही बरोबरी झाली तर आज्ञापालनाचे गुण पाहायचे. म्हणजे पंचाच्या मर्जीला तेथेही वाव नाही. तसेच परीक्षक स्वतःच्या मालकीच्या कुत्र्याचे किंवा स्वतःच्या घरातील माणसाने आणलेल्या कुत्र्याचे परीक्षण करू शकत नाही. वशिल्याचे दार जेवढे बंद करता येईल तेवढे केले आहे.

कारण बोलून दाखवणे

आता या पद्धतीतील जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, तिच्याकडे वळतो. काम संपले की परीक्षक हस्तकासमोर आणि सर्व प्रेक्षकांसमोर तोंडी समीक्षा करतो. मोठ्या स्पर्धांत ती ध्वनिक्षेपकावरून होते. कोणत्या कसरतीत काय चांगले होते, कोठे काय चुकले, ते तो क्रमाने सांगतो आणि मग गुण जाहीर करतो. ऐकणाऱ्यांत पुष्कळ जण जाणकार असतात. त्यांनीही तेच काम नुकतेच पाहिलेले असते. परीक्षकाने न घडलेली चूक सांगितली किंवा घडलेली गिळली, तर ती शेकडो डोळ्यांना दिसते.

हे करण्यासाठी लागणारी तयारी मी घरी बसून अजमावून पाहिली. चित्रफितीचा आवाज बंद करून कुत्र्याचे काम पाहायचे, समीक्षा मोठ्याने बोलायची, गुण लिहायचे आणि मग आवाज सुरू करून खऱ्या परीक्षकाचे बोलणे ऐकायचे. वाचकांनी एकदा हा प्रयोग जरूर करून पाहावा. गुण लिहिणे सोपे असते. ‘मी दीड गुण कापला तो अमुक कारणासाठी’ हे वाक्य मोठ्याने पुरे करणे अवघड असते. आवड आणि नावड यांना व्याकरण नसते, म्हणून ती वाक्यात बसत नाहीत. जे वाक्यात बसते तेच कारण.

अर्थात परीक्षकाचा निर्णय अंतिम असतो आणि त्याच्याशी मैदानावर हुज्जत घालण्यास मज्जाव आहे. नियमभंग झाला असेल तर रीतसर लेखी तक्रार करता येते, पण ‘मला दोन गुण जास्त हवे होते’ ही तक्रार होऊ शकत नाही. वरवर पाहता हे हुकूमशाहीसारखे वाटेल. परंतु ज्याचा शब्द अंतिम, त्यानेच कारण उघड सांगायचे, या अटीमुळे तोल सांभाळला जातो. अधिकार आणि उत्तरदायित्व या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खांद्यावर येतात.

दया आणि न्याय

सर्वांत कठीण क्षण ६९ गुणांचा. ७० म्हणजे पास, ६९ म्हणजे नापास. समोर उभा असलेला माणूस दोन वर्षे खपलेला असतो, कदाचित कुत्रा म्हातारा होत आलेला असतो, त्याची ही शेवटचीच संधी असते. यजमान क्लबाने परीक्षकाला आग्रहाने जेवू घातलेले असते. हस्तक ओळखीचा असतो. अशा वेळी एक गुण वाढवणे हे माणुसकीचे वाटते.

आपल्याकडे म्हण आहे, ‘भीड भिकेची बहीण’. हा वाढवलेला गुण परीक्षकाच्या खिशातून जात नाही. तो जातो त्या माणसाच्या खिशातून, ज्याच्या कुत्र्याने ७० गुण खरोखर कमावले. त्याच्या ७० ची किंमत त्या क्षणी घटते. आणि वर म्हटल्याप्रमाणे, ज्या कुत्र्याची पिल्ले व्हायला नको होती त्याची पिल्ले होतात. एकावर केलेली दया ही अशी अनेकांवरचा अन्याय ठरते. काही ठिकाणी परीक्षा ढिलाईने घेतल्या जातात, अशा तक्रारी या क्षेत्रातील लोकांनीच वेळोवेळी केल्या आहेत. तेव्हा ही पद्धत सोळा आणे निर्दोष आहे असा माझा दावा नाही. चांगला नियमही राबवणारा माणूस मिळेपर्यंत कागदच असतो.

मग दयेला जागाच नाही काय? आहे, पण ती गुणांत नाही, शब्दांत आहे. नापास झालेल्या हस्तकाला परीक्षक सांगतो की तुमचा कुत्रा वळणावर चुकला, पण पहिल्या टप्प्यावर त्याचे नाक किती छान जमिनीला लागले होते, तिथून पुढे काम करा. गुण कठोर आणि बोलणे सौजन्याचे, हे ज्याला साधले तो परीक्षक हस्तकांच्या आदराला पात्र होतो. आपल्याकडे पुष्कळदा नेमके उलट घडते. गुण सैल असतात आणि बोलणे लागट.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध नाही असे नाही. आपल्या पोलीस दलाची श्वानपथके आहेत आणि अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात देशभरच्या श्वानपथकांच्या स्पर्धा होतात. १९६९ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्याचा विचार केला आणि अशा पुराव्याला सामान्यतः फारसे वजन देता येत नाही, असे म्हटले. त्यात चर्चिला गेलेला एक आक्षेप मार्मिक आहे. कुत्र्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही, त्याच्या वतीने बोलतो तो त्याचा माणूस. म्हणजे शेवटी प्रश्न माणसाच्या शब्दाचा येतो. मुक्या जिवाबद्दल बोलणाऱ्याने किती तोलून बोलावे, याची ही आठवण आहे.

आणि मुके काय फक्त कुत्रेच असतात? वक्तृत्व स्पर्धेच्या व्यासपीठावरून उतरलेला मुलगा, एकांकिकेत पडलेल्या संघातील प्रत्येक जण, निकालाच्या फलकावर आपला आसनक्रमांक शोधणारी मुलगी, हे सारे त्या घटकेला मुकेच असतात. बंद पाकिटातून आकडा येतो, टाळ्या होतात, दिवे मालवले जातात. का, हे कोणीच सांगत नाही. माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या महाविद्यालयाच्या स्पर्धांत निकालापूर्वी परीक्षकांनी प्रत्येक स्पर्धकाबद्दल दोन वाक्ये उघडपणे बोलावीत. एक चांगल्याचे, एक उणिवेचे. तसेच वरच्या वर्गातील ज्या विद्यार्थ्यांनी स्वतः स्पर्धा गाजवल्या आहेत, त्यांना परीक्षकांशेजारी उमेदवार म्हणून बसवावे. त्यांनी गुण आणि कारणे स्वतंत्रपणे लिहावीत व नंतर ती परीक्षकांच्या कागदाशी ताडून पाहावीत. त्यांचे गुण निकालात धरू नयेत. यात खर्च काहीच नाही. चार वर्षांत महाविद्यालयाला आपले स्वतःचे जाणते परीक्षक मिळतील.

कला शाखेतील गुण मोजपट्टीने मोजता येत नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे. कवितावाचनात माग काढण्यासारख्या वस्तू नसतात. परंतु कुत्र्याचे धैर्य तरी मोजपट्टीने कोठे मोजता येते? तेही डोळ्यांनी पाहून, मनात तोलून, शब्दांत मांडावे लागते. फरक एवढाच की त्या मैदानावर मांडण्याची सक्ती आहे आणि आपल्याकडे नाही.

थोडक्यात सांगायचे तर, परीक्षकाचा अधिकार खुर्चीतून येत नाही. तो तीन गोष्टींतून येतो. जे काम तो तपासतो ते त्याने स्वतः केलेले असते, दुसऱ्याच्या मापाशी आपले माप ताडून पाहिलेले असते, आणि दिलेल्या प्रत्येक गुणाचे कारण चारचौघांत सांगण्याची त्याची तयारी असते. आपल्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होतील, प्राध्यापक होतील, कोणी मुलाखत घेणाऱ्यांच्या टेबलापलीकडे बसेल. लाल पेन हातात घेताना या तीन गोष्टी आठवल्या, तर मुक्या परीक्षार्थीवर अन्याय होण्याची भीती पुष्कळच कमी होईल.